इंजिनची थरथर: पार्ट बदलण्याआधी दोष कसा पकडायचा

गाडी थरथरते म्हणून आधी व्हील बॅलन्सिंग करायचं, मग प्लग, मग माउंटिंग (इंजिन बॉडीला टांगणारे रबरी आधार), शेवटी क्लच प्लेट, आणि एवढं होऊनही थरथर जिथल्या तिथे. बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत अशी कहाणी सांगणारे गाडीवाले पावलोपावली भेटतात. मिस्त्रीचं काम बहुतेक वेळा चोख असतं. अडचण अशी की त्याच्या हातात आपण फक्त "गाडी व्हायब्रेट होते" एवढंच देतो, आणि या एका वाक्यात पंधरा-वीस वेगवेगळे दोष बसतात. मग तो सगळ्यात जास्त वेळा जे खराब झालेलं पाहतो, ते आधी बदलतो.

हा लेख मॅन्युअल गिअरच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या साध्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान त्यात येतात. मॅन्युअल गाडीची एक मोठी सोय म्हणजे क्लचचं पेडल. एका पायाने इंजिन आणि चाकं वेगळी करता येतात, त्यामुळे निम्मं निदान फुकटात होतं. ते करून मगच गॅरेजला जा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की ठरवायची: थरथर कशाच्या मागे जाते? इंजिनच्या फेऱ्यांच्या, गाडीच्या वेगाच्या, की इंजिनवर पडणाऱ्या लोडच्या? ती कुठे जाणवते याला फार महत्त्व देऊ नका. स्टेअरिंग हलतंय म्हणजे दोष चाकातच, असं धरून चालणं चुकीचं. माउंटिंग फाटलं की इंजिनची थरथर बॉडीतून सरळ स्टेअरिंगपर्यंत येते.

आधी वही, मग पाना

चाचणीला निघण्यापूर्वी चार ओळी लिहून काढा. थरथर कधीपासून आहे, हळूहळू वाढली की एका दिवसात आली? थंड इंजिनवर जास्त की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या वेळा दोषापाशीच नेऊन सोडतं. क्लचचं काम झाल्यावर सुरू झालेली थरथर माउंटिंगच्या बोल्टात किंवा क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटमध्ये शोधायची. टायमिंग बेल्ट बदलल्यावर आली तर बेल्ट एक दात सरकून बसला आहे का, ते बघायचं. टायर बदलल्यावर आली असेल तर इंजिनचं बॉनेट उघडायचीही गरज नाही.

रस्त्यावरच्या तीन चाचण्या

रस्ता सपाट, सरळ आणि रिकामा हवा. वंटमुरी घाट किंवा तवंदी घाट यासाठी नको, तिथे चढ-उतारामुळे लोड सतत बदलतो आणि काहीच नीट कळत नाही. महामार्गाच्या हत्तरगी ते संकेश्वर पट्ट्यात, काम किंवा डायव्हर्जन नसलेला तुकडा सकाळी लवकर गाठा. सोबत एक जण असू द्या, लिहायला आणि मागची वाहनं बघायला. टायरमधली हवा निघण्यापूर्वीच तपासलेली असावी.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, इंजिन गरम. ॲक्सिलरेटर अगदी सावकाश दाबत मिनिटाला ८०० पासून ३००० फेऱ्यांपर्यंत न्या आणि तसंच खाली आणा. ठरावीक फेऱ्यांवर थरथर उभ्या गाडीतही येत असेल तर चाकं, टायर, ॲक्सल हे सगळे बाजूला झाले. दोष इंजिन, त्यावर बसलेले भाग, माउंटिंग किंवा सायलेन्सरच्या पाइपात आहे.

दुसरी चाचणी चालत्या गाडीवर. ताशी ६० वर चौथ्या गिअरमध्ये थोडं अंतर जा, मग त्याच वेगाला तिसऱ्यात. वेग तोच, पण फेऱ्या वाढल्या. थरथरीची चाल बदलली तर ती इंजिनच्या मागे आहे. तशीच राहिली तर चाकांच्या मागे.

तिसरी सगळ्यात बोलकी. ज्या वेगाला थरथर स्पष्ट जाणवते त्या वेगाला क्लच पूर्ण दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालतं तेवढ्या फेऱ्यांवर येईल, गाडी तशीच धावत राहील. थरथर गेली तर ती इंजिन किंवा लोडची, राहिली तर चाकांची. हे करताना चावी बंद करायची नाही, कधीही नाही. स्टेअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचा बूस्टर संपतो. उतारावरही ही चाचणी करू नका.

लोडवाली थरथर ओळखायची खूण अशी: जोरात पिकअप घेताना येते, पाय उचलला की त्याच क्षणी थांबते. उभ्या गाडीत रेस केली तर काहीच नाही. यात बहुधा ॲक्सलचा आतल्या बाजूचा जॉइंट, फाटलेलं माउंटिंग किंवा फक्त लोडवर मिसिंग मारणारं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणारं इंजिन निघतं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ताशी ३५-४० ला पाचवा गिअर टाकून चोर्ला घाटाचा चढ चढवला तर कुठलंही इंजिन हादरणारच. तो दोष नाही, गिअर खाली घ्यायचा असतो.

वेगाच्या मागे जाणारी थरथर

हे पटकन संपवतो, कारण इथे इंजिनचा संबंध नाही. साधारण ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरतं आणि क्लच दाबूनही थांबत नाही, तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायरला आलेला फुगवटा, या क्रमाने बघा. पण त्याच्याही आधी रिमच्या आत हात घाला. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडे जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या कडेला तांबड्या मातीचा थर बसतो. वाळला की तो विटेसारखा कडक होतो आणि बाहेरून धुतलं तरी निघत नाही. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती तर याहून चिवट. लाकडी काठीने खरवडून पाणी मारा आणि पुन्हा एक फेरी मारा. कित्येकदा बॅलन्सिंगचा खर्चही वाचतो.

उभ्या गाडीतली थरथर: आधी मिसिंग

तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनपेक्षा आयडलला जास्त थरथरतं. रचनाच तशी आहे. जुनी चार सिलिंडरची गाडी विकून नवी तीन सिलिंडरची घेतली असेल तर तुलना शक्यतो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करा.

मिसिंग ओळखायला थोडं गणित उपयोगी पडतं. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ वेळा इंधन पेटतं, तीन सिलिंडरच्या इंजिनात २० वेळा. एवढी जलद थरथर हाताला एकसलग लागते. पण एक सिलिंडर बंद पडला की दर दोन फेऱ्यांमागे एक ठोका चुकतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. पालखी उचललेल्या चौघांपैकी एकाने दर पावलाला खांदा ढिला सोडावा, तसा तो झोल असतो. तो सीटवर बसून कळतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा: चांगल्या इंजिनात ती सारखी फडफडते, मिसिंग असेल तर मध्येच खंड पडतो. पट्टी मध्ये मध्ये आत ओढली जात असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचीही शंका घ्या.

मग स्कॅनर. भारतात २०१३ नंतरच्या गाड्यांना साधारणपणे स्टेअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायचं सॉकेट असतं आणि मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही बहुतेक ठिकाणी पुरतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ दुसऱ्याचं, याप्रमाणे पुढे. पी०३०० असेल तर मिसिंग एका ठिकाणी टिकून नाही, म्हणजे इंधनाचा दाब, हवेची गळती असं सगळ्यांना लागू होणारं कारण शोधायचं.

समजा, पी०३०२ आला. लगेच नवी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट) मागवू नका. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, थोडी गाडी चालवा. कोड आता पी०३०३ झाला तर कॉइलच गेली आहे. पी०३०२ च राहिला तर हाच अदलाबदलीचा प्रयोग प्लगवर करा. दोन्हींची अदलाबदल करूनही दोष हलला नाही, तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब.

कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून पाहा. तळाशी ऑइल साचलं असेल, कॉइलचं रबरी टोक फुगून चिकट झालं असेल, तर वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय. अशा ठिकाणी नवी कॉइल टाकली तर तीही काही दिवसांत तशीच होईल. पॅकिंग आधी. प्लग नेहमी थंड इंजिनवरच काढा, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना खराब होतात. कोरडा काळा प्लग म्हणजे इंधन जास्त, ऑइलने ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पांढरट करपलेला म्हणजे हवा जास्त किंवा उष्णता जास्त.

हवेची गळती असेल तर आयडलला थरथर आणि फेऱ्या वाढवल्यावर बरीचशी गायब, असं दिसतं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला तो अधिक पंधरा-वीसपर्यंत गेला आणि रेस केल्यावर शून्याकडे आला, तर इनटेकच्या पाइपात कुठेतरी फट आहे. उलट रेस केल्यावर वाढत गेला तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. फट शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायची पद्धत आहे, पण ती आगीला आमंत्रण देते. गॅरेजमध्ये धूर सोडून तपासायचं यंत्र असेल तर तेच वापरायला सांगा.

आपल्या भागात दोन कारणं हटकून विचारात घ्यावीत. उसाच्या पट्ट्यात, तोडणी सुरू झाली की उंदीर घरांकडे आणि गोठ्यांकडे वळतात, आणि रात्रभर उभ्या गाडीचं गरम इंजिन त्यांना आवडतं. इंजेक्टरची किंवा कॉइलची एक बारीक वायर कुरतडली की एक सिलिंडर बंद. बॉनेट उघडल्यावर लेंड्या, पालापाचोळा, कुरतडलेला फोम दिसला तर वायरिंग आधी तपासा. दुसरं कारण पेट्रोलमधलं पाणी. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरहून सुरू झालं, आता ते सगळीकडे मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. पावसाळ्यात टाकी भरल्यावर लगेच थरथर सुरू झाली असेल तर काचेच्या बाटलीत नमुना काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याखेरीज इलाज नाही.

माउंटिंग

मिसिंग नाही, इंजिन सुरळीत चालतंय, तरी केबिन थरथरतं, आरसा हलतो, डॅशबोर्ड खडखडतो. आता माउंटिंगकडे या. बहुतेक गाड्यांत तीन किंवा चार असतात. त्यांत एखादं द्रव भरलेलं असतं, आणि ते फुटलं की आजूबाजूला काळा चिकट ओघळ दिसतो. खालच्या बाजूला इंजिनला पुढे-मागे डोलण्यापासून थांबवणारा एक दुव्यासारखा माउंटिंगचा पार्ट असतो, तो वरून दिसत नाही. तोच बहुतेक वेळा आधी जातो.

तपासणी दोघांनी करायची. बॉनेट उघडं, हँडब्रेक आवळलेला, ब्रेक पेडल घट्ट दाबलेलं. गाडीतल्याने पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा, मग हेच रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहायचं, समोर किंवा मागे अजिबात नाही. इंजिन थोडं डोलतं ते ठीक. एकदम उसळून धाडकन आदळलं तर माउंटिंग गेलं.

क्लचच्या कामानंतर आलेली थरथर इथे पुष्कळदा सुटते. गिअरबॉक्स चढवताना माउंटिंग ओढून-ताणून बसवलं की रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवं असूनही थरथर सरळ बॉडीत सोडतं. खाली जॅकचा आधार देऊन सगळ्या माउंटिंगचे बोल्ट थोडे ढिले करायचे, इंजिनला स्वतःच्या जागी बसू द्यायचं, मग कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचे. या कामाला नवा पार्ट लागत नाही. म्हणूनच नवं माउंटिंग घेण्याआधी हे करून घ्या.

याच ठिकाणी सायलेन्सरही हलवून बघा, थंड असताना. स्पीडब्रेकरवर आदळून लटकणीचं रबर तुटलं की पाइप बॉडीला टेकतो आणि ठरावीक फेऱ्यांवर सगळी गाडी गुणगुणते. खालच्या पत्र्याचा एखादा बोल्ट पडला तरी तेच.

क्लच आणि फ्लायव्हील

उभ्या गाडीत, न्यूट्रलला, क्लच आळीपाळीने दाबा आणि सोडा. दाबल्यावर खडखड किंवा थरथर कमी होत असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, त्याचं बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या स्प्रिंगा. दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. काहीच फरक पडत नसेल तर क्लच प्लेट निर्दोष समजा. मात्र प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाला बसलेलं जड चाक) संशयातून सुटत नाहीत, कारण ती क्लच दाबला तरी इंजिनबरोबर फिरतच राहतात.

याच वेळी दुसऱ्या कुणालातरी समोरच्या पुलीकडे लक्ष ठेवायला सांगा. क्लच दाबल्यावर पुली डोळ्यांना दिसेल एवढी बाहेर-आत सरकली तर क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. हा गंभीर दोष आहे, गाडी तशी चालवत राहू नका.

गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना हिसके देते आणि पूर्ण क्लच सोडला की शांत होते, तर प्रेशर प्लेट किंवा फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर तापून आलेले निळसर डाग, किंवा क्लच प्लेटवर आलेलं ऑइल. टिळकवाडीच्या रेल्वे गेटसमोर अर्ध्या क्लचवर गाडी पुढे सरकवत राहायची सवय क्लच प्लेट खाते. ऑइल असेल तर ते क्रँकच्या मागच्या सीलमधून आलं की गिअरबॉक्सच्या सीलमधून, हे कळल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नका. साधं फ्लायव्हील उद्यमबागेत लेथवर फेसिंग करून मिळतं आणि बेळगावात त्या कामाचे कुशल हात आहेत. काही डिझेल गाड्यांत मात्र दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. ते लेथवर चढवायचं नसतं. त्यातला ढिलेपणा कंपनीच्या मर्यादेबाहेर गेला की बदलायचंच.

क्वचित सापडणारी कारणं

क्रँक पुलीच्या मध्ये रबराचं कडं असतं. ते सुटलं की बाहेरचा भाग आतल्या भागावर सरकतो. इंजिन बंद असताना पुलीच्या मधल्या भागापासून बाहेरच्या कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. दोन-तीन दिवस चालवून पुन्हा बघा. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर पुली बदला.

एसीचा कॉम्प्रेसर, डायनॅमो, आयडलर यांतल्या कुणावर संशय असेल तर बाहेरचा बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून बघता येतं. थरथर गेली तर दोष त्यांच्यातच. काही गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो, म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.

शेवटी कॉम्प्रेशन. पेट्रोल इंजिनात सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत, दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक चिंतेचा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

डिझेलवाल्यांना एक कळकळीची सूचना. जुन्या इंजिनवर इंजेक्टरचा पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मेला ते शोधायची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनवर ती जीवघेणी आहे. तिथे हजार बारहून जास्त दाब असू शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे (कुणाला इंधन किती कमी-जास्त द्यावं लागतंय) स्कॅनरवर बघा, रिटर्नचं, म्हणजे इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलचं माप मिस्त्रीकडून घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पहिलं मिनिटभरच थरथर असेल तर आधी थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग तपासा, आणि फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढून घ्या.

गॅरेजमध्ये

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर जोर न लावता जवळच्या गॅरेजपर्यंतच जा, न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा आतून टणटण ठोके येऊ लागले तर तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.

मिस्त्री कन्नड बोलणारा असो की मराठी, तोंडी सांगण्यापेक्षा त्याला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि थरथर त्याच्या हाताला लागू द्या. वहीतलं एकच वाक्य पुढे ठेवा: "उभ्या गाडीत, अठराशे फेऱ्यांवर येते, क्लच दाबून फरक नाही, एसी बंद असताना कमी." एवढ्यावर चांगला मिस्त्री बरोबर जागी हात घालतो. काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या, रबर खरंच फाटलं होतं का ते स्वतः पाहा. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच तीन चाचण्या पुन्हा करा. थरथर निम्मीच कमी झाली असेल तर दोष दोन असू शकतात, झिजलेले प्लग आणि फाटलेलं माउंटिंग पुष्कळदा एकाच गाडीत सापडतात. अशा वेळी उरलेली थरथर नवी तक्रार समजून पहिल्या चाचणीपासून तपासायला लागा.